नारळ फोडायचा तर लॅपटॉपपासून लांब

"मी काहीच केलं नाही, मॅडम. आपोआप झालं."

माझ्या दुकानात शिरणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य हेच बोलतो. सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करता करता माझे केस पांढरे झाले, पण कॉम्प्युटरला स्वतः काही केलंय असा एकही इसम मला अजून भेटलेला नाही. कीबोर्ड उलटा केला की चहा गळतो, बटणांना साखर चिकटलेली असते, तरी तो चहा आपोआप आत गेलेला असतो. लॅपटॉपची बिजागरी तुटून पडदा लोंबकळत असतो, आणि तीही झोपेत असताना तुटलेली असते. आधी मी वाद घालायची. हल्ली "बरं, बसा" म्हणते आणि स्क्रू काढायला घेते.

दुसरं वाक्य ठरलेलं. "सर नाहीत का?" सर नाहीत. कधीच नव्हते. माझे यजमान एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होते आणि घरातला बल्ब गेला तरी वायरमनला फोन करायचे. दुकान माझं, हत्यारं माझी, चुकलं तर शिव्याही मलाच. हे सगळं मी हातात सोल्डरिंग आयर्न धरून सांगितलं तरी काही जण खुर्चीवर बसून रस्त्याकडं बघत राहतात. सर येतील, मग बोलू, असा त्यांचा विचार असतो. मी त्यांना बसू देते.

दुरुस्ती म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, अशी लोकांची समजूत आहे. स्क्रू ड्रायव्हर लागतो, पण माझं खरं हत्यार गळ्यातल्या दोरीला अडकवलेलं असतं. तो एक पेनड्राइव्ह आहे. त्यात कॉम्प्युटर चालवायची एक अख्खी कामचलाऊ व्यवस्था भरलेली आहे. तुमचं मशीन स्वतःच्या पायावर उठत नसलं की हा पेनड्राइव्ह लावायचा, त्याच्या खांद्यावर हात टाकून मशीन उभं राहतं. मग आत शिरून बघता येतं. डिस्कची तब्येत सांगणारं एक सॉफ्टवेअर त्यात आहे, मेमरी तपासणारं आहे, व्हायरस धुंडाळणारं आहे, आणि पुसलेल्या फायली परत आणणारंही आहे. यातली बरीचशी फुकट मिळतात. जगात कुठंतरी बसलेल्या भल्या माणसांनी ती लिहून लोकांसाठी मोकळी सोडलीत. हे कौतुकानं सांगायला गेले की गिऱ्हाईक म्हणतं, "फुकटच हाय तर मग तुमी कशाचं घेता?" डॉक्टरला त्याच्या स्टेथोस्कोपबद्दल असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

कामाची सॉफ्टवेअरं मी शोधून शोधून आणते, आणि बिनकामाची लोक हौसेनं घालून घेतात. स्क्रीनवर लाल पट्टी येते, 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, इथे दाबा.' आमचा माणूस, जो चौकातला लाल दिवा जन्मात पाळत नाही, तो ही सूचना मात्र ताबडतोब पाळतो. शहराच्या पूर्व भागातल्या एका सूत व्यापाऱ्याच्या मशीनमध्ये मला एकाच वेळी तीन अँटीव्हायरस सापडले. मशीन इतकं संथ झालं होतं, की बटण दाबून चहा पिऊन यावं. मी कपाळावर हात मारला. घरी तेलुगू बोलणारा तो गृहस्थ मला समजुतीच्या सुरात म्हणाला, "अक्का, गोडाऊनला आपण दोन वॉचमन ठेवतो की. एक झोपला तर दुसरा जागा राहतो."

"तुमचे तिघं एकमेकांनाच चोर समजून धरून बसलेत," मी म्हटलं. दोघांना घरी पाठवलं तेव्हा मशीन चालायला लागलं. त्या गृहस्थाला मात्र आपली सुरक्षा कमी झाली असं आजही वाटतं.

आणि ती काळी खिडकी. इंटरनेट बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रायव्हेट विंडो म्हणून एक सोय असते. ती उघडली की पडदा काळा होतो, म्हणून आमच्याकडं तिचं नाव काळी खिडकी. त्यात काय बघितलं हे मशीन लक्षात ठेवत नाही. खिडकी बंद केली की नंतर बसणाऱ्याला काही दिसत नाही. बस, एवढंच तिचं काम. पण अर्ध्या लोकांना वाटतं ती फक्त वाईट चालीच्या माणसांसाठी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यांना वाटतं ती पांघरली की आपण अदृश्य झालो. एक प्राध्यापक महाशय कॉलेजच्या इंटरनेटवर काळी खिडकी उघडून दिवसभर शेअर बाजार बघायचे. वरून विचारणा झाली, तर येऊन माझ्यावर चिडले. "तुम्हीच म्हणाला होता, काही राहत नाही!" मी म्हटलं, "सर, तुम्ही खोलीचं दार लावलंत. पण ज्यांच्या लाइनवरून सगळं येतं, त्यांना कळणारच ना!" त्यांना पटलं नाही. शिकलेल्या माणसाला खिडकी आणि तिजोरी यातला फरक सांगताना माझा घसा कोरडा पडतो.

खरं तर ती खिडकी साध्यासुध्या माणसांच्या फार कामाची. दुसऱ्याच्या मशीनवर बँकेचं काम करायचं असेल, फॉर्म भरायचा असेल, तर तिच्यातच करावं. नाहीतर तुमचं खातं तिथं उघडं राहतं आणि पुढचा माणूस त्यात जाऊन बसतो. एका घरात एक लॅपटॉप आणि सहा माणसं असली तर प्रत्येकाला आपापला कोपरा पाहिजे की नको? पण हे ऐकतो कोण! पासवर्ड विचारला की सगळ्यांचा एकच, एक-दोन-तीन. आणि तोही विसरू नये म्हणून स्क्रीनवर चिकटवलेला.

मी दुकानाला दोन नियम घालून घेतले आहेत. गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं की मी तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघते. लोक म्हणतात, "अहो बघा की, तुमच्यापासून काय लपवायचं!" मी बघत नाही. आणि हरवलेल्या फायली परत काढल्या, की त्या एकटीनं उघडत नाही. मशीनचा मालक शेजारी खुर्चीवर बसणार, मग त्याच्यासमोर एकेक उघडायची. कारण एकदा एका गृहस्थानं माझ्यावर आळ घेतला होता, की त्याच्या घरच्यांचे फोटो मी स्वतःकडं उतरवून घेतले. तेव्हापासून नियम म्हणजे नियम. माझी अब्रू या नियमानं राखली. गेल्या वर्षी मात्र त्याच नियमानं मला असं पेचात धरलं, की अजून आठवलं की हात थांबतो.

आमच्या धंद्याचा हंगाम खंडेनवमीला सुरू होतो. माग पुजतात, तराजू पुजतात, ट्रॅक्टर पुजतात, तसे कॉम्प्युटरही पुजतात. माझा त्याला विरोध नाही, मीही माझी हत्यारं पुजते. पण मागाला हळदकुंकू सोसतं, कॉम्प्युटरला सोसत नाही, एवढं कळायला काय पदवी लागते? दसरा झाला की माझ्या टेबलावर रांग लागते. पंख्यात झेंडूच्या पाकळ्या, कीबोर्डात अक्षता, जिथं जिथं फट असेल तिथं कुंकू. मी फुंकणी घेऊन बसते आणि मनातल्या मनात देवाची माफी मागत ब्रशनं त्याचा प्रसाद झाडते.

त्या रांगेत सोमनाथ आला. मोहोळजवळच्या एका गावचा हा तरुण लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. माझं जुनं गिऱ्हाईक. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून, आजारी लेकरू आणावं तसा छातीशी धरून आणला होता.

"मॅडम, म्या काय बी केलं न्हाय."

मी झाकण उघडलं आणि वास घेतला. "खोबऱ्याचा वास कसा येतोय?"

तो जमिनीकडं बघायला लागला. "नारळ फोडला हुता."

"कुठं?"

"म्होरंच की. लॅपटॉपच्या म्होरं पाटा ठिवला आन् फोडला. गाडीच्या म्होरं फोडतो तसा."

"अरे, गाडीचं बॉनेट बंद असतं, सोमनाथ! हे सताड उघडं!"

"मिटलेल्या लॅपटॉपची पूजा कशी करायची, मॅडम? देवाचं त्वांड झाकून कुणी पूजा करतं व्हय?"

मी लॅपटॉप उलटा करून टेबलावर ठेवला. पण खरी गोष्ट पुढंच होती. नारळाच्या पाण्यानं लॅपटॉप बंद पडला, तेव्हा तो थेट माझ्याकडं आला असता तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण यानं आधी तो उन्हात वाळवला. मग केस वाळवायच्या मशीननं वाळवला. मग मोहोळमधल्या एका मित्राकडं नेला. त्या मित्राला दुरुस्तीतलं एकच औषध माहीत होतं. ताप येवो, पाय मोडो, फॉरमॅट मारायचं. त्यानं डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि फॉरमॅट मारलं. म्हणजे आतलं सगळं पुसून डिस्क कोरी केली. नारळानं एवढं नुकसान केलंच नव्हतं. ते मित्रानं केलं.

"त्यात उन्हाळ्यातलं एक लग्न हुतं, मॅडम," सोमनाथ म्हणाला, आणि आता त्याचा आवाज खरंच बसला. "मिक्सिंग राहिलं हुतं. कॅमेऱ्यातली कार्डं म्होरच्या लग्नाला वापरली. दुसरीकडं कुटं बी न्हाय. पोरीचा पैला दिवाळसण हाय. जावई, त्याच्या घरची, समदी येनार. टीवीवर लावून दाखवायचं ठरलंय त्यांचं. आता मी काय सांगू? लग्न परत लावा म्हनू?"

मिक्सिंग म्हणजे शूट केलेल्या तुकड्यांची जोडणी, गाणी, नावं वगैरे. ते काम सोमनाथ करत नाही, त्याची धाकटी बहीण वैशाली करते. सासरी पटलं नाही म्हणून ती माहेरी परतली, आणि भावाच्या शेजारी बसून हे काम शिकली. आता त्याच्यापेक्षा तिचाच हात चांगला बसलाय, हे तोही कबूल करतो. कीबोर्डची बटणं झिजली की ती माझ्याकडं यायची. पावसाळ्यात अशीच आली होती तेव्हा तिनं हळूच विचारलं होतं, "मॅडम, काळ्या खिडकीत बघितल्यालं दादाला दिसंल का?"

मी तिला नेहमीचं सगळं सांगितलं. खिडकी बंद केली की घरातल्याला दिसत नाही, पण बाहेरच्या कंपनीला कळतं. त्यातून काही उतरवून घेतलंस तर ते मात्र मशीनमध्ये राहतं. ती लक्ष देऊन ऐकत होती. काय बघायचंय ते मी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं.

आता तिचा भाऊ माझ्यासमोर बसून म्हणत होता, "मॅडम, डिस्क काढताच हाय तर आनखी एक काम करा. आमची वैशी काळ्या खिडकीत कायतरी बघत असती. मी आलो की पटदिशी बंद. काय बघती तेवढं काढून द्या."

"कशाला?"

मग त्यानं सांगितलं. वडील गेल्यावर जमिनीची नावं लावायचं निघालं होतं. रीतीप्रमाणं बहिणीनं हक्क सोडायचा, भावाच्या नावावर सगळं व्हायचं. दिवाळीला मामा येणार, तेव्हा जाऊन सह्या करायच्या, असं घरात ठरलं होतं. "आन् ही आज करू, उद्या करू करती. न्हाय बी म्हनत न्हाय आन् व्हय बी म्हनत न्हाय. कुनीतरी कान भरतंय तिचं. त्या खिडकीत असनार बघा."

मला राग आला. हरवलेलं परत आणायचं हत्यार म्हणून मी जे वापरते, ते याला बहिणीवर पाळत ठेवायला पाहिजे होतं. "त्या खिडकीत काही राहत नाही," मी म्हटलं. "आणि राहिलं असतं तरी दिलं नसतं. लग्न काढायचंय की नाही?"

"काढा की," तो म्हणाला.

काढायचं कसं, ते सांगते. कॉम्प्युटरवरचं पुसलं म्हणजे नाहीसं होत नाही. गावातल्या घरावरची नावाची पाटी काढली म्हणून घर पडतं का? त्या जागेवर दुसरं कुणी बांधकाम करेपर्यंत भिंती उभ्याच असतात. आमचं सॉफ्टवेअर गल्लोगल्ली फिरतं आणि उभ्या भिंती शोधून आणतं. आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायची आणि काम त्या नकलेवर करायचं. मूळ डिस्कला हात लावायचा नाही. त्या मोहोळच्या मित्राला हे कुणीतरी सांगा. फक्त एक अडचण असते. पाट्या गेलेल्या असतात, म्हणून परत आलेल्या फायलींना नावं नसतात, नुसते आकडे. काही अर्धवट येतात, मध्येच तुटतात. कुठली कशाची, हे उघडल्याशिवाय कळत नाही. आणि एक गोष्ट गिऱ्हाइकांच्या लक्षात येत नाही. फॉरमॅटच्या आधी कुणी स्वतःच्या हातानं पुसलेलं असलं, तर तेही उठून येतं.

शोध संपायला वेळ लागला. मी फोन केला, तसा सोमनाथ दुपारच्या एसटीनं आला आणि नियमाप्रमाणं शेजारच्या खुर्चीवर बसला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं, पंखा नावाला फिरत होता. मी एकेक व्हिडिओ उघडत गेले. हळदीचा तुकडा आला, तसा तो खुर्चीतून उठला. "हेच! हेच लग्न!" मग वरात आली. नवरदेवाचे मित्र नाचताना आले. मला बरं वाटलं. अशा वेळी मी कुणालाही माफ करू शकते, नारळवाल्यालासुद्धा.

पुढची फाइल उघडली, तर समोर वैशाली.

लॅपटॉपच्याच कॅमेऱ्यानं घेतलेलं होतं. मागं घरची निळी भिंत, खुंटीला अडकवलेली कॅमेऱ्याची बॅग. तिनं ओढणी सारखी केली, सरळ आमच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "दादा." मग खाली बघितलं. तिचा हात पुढं आला आणि व्हिडिओ संपला.

"हे लग्नाचं नाही," म्हणत मी ते बंद केलं.

"थांबा. लावा परत."

"सोमनाथ, हे तिचं आहे. तिनं पुसलेलं आहे."

"लॅपटॉप माझा हाय की."

मी त्याला म्हटलं, तू जरा बाहेर चहा घेऊन ये, लग्नाचे तुकडे मी वेगळे करते. तर तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मालकानं शेजारी बसायचं, हा तुमचाच नियम न्हवं? मागं म्या पानी प्याया उठलो तर वरडला हुता माज्यावर." खरं होतं. ओरडले होते. माझाच नियम माझ्यासमोर खुर्ची टाकून बसला होता, आणि फायलींवर नावं नव्हती. लग्नाची कुठली आणि तिची कुठली, मला आधी कळायला काही मार्गच नव्हता. लग्न तर काढायचं होतं. मी त्याच्यावर, माझ्यावर आणि त्या मेल्या नारळावर चरफडत पुढची उघडली.

मंगलाष्टका. मग नवरीची मावशी. मग पुन्हा निळी भिंत.

"दादा, जेवलास का?" वैशाली म्हणाली, आणि स्वतःलाच हसली. "ह्यॅ. असं कसं." बंद.

अक्षता. जेवणाच्या पंगती. पुन्हा निळी भिंत.

"दादा, तू रागवू नको, पर मला तुला..." बंद.

मी सोमनाथकडं बघत नव्हते. कॅलेंडरकडं बघावं असं वाटत होतं, पण माउस माझ्या हातात होता. असे बरेच तुकडे निघाले. कुठं ती नुसतीच बसलेली, कुठं "दादा" म्हणून अडकलेली, कुठं रागानं सुरुवात केलेली आणि मग डोळे पुसलेले. शेवटी एक जरा लांब निघाला.

"दादा, आप्पांनी मला काय कमी केलं न्हाय. तू बी न्हाय केलंस. पर उद्या तुझी पोरं मोठी हुतील. तवा मी हितं कुनाच्या जिवावर राहू? आज तुझ्या, उद्या त्यांच्या? मला कुनाच्या दारात पाव्हनी हून राहायचं न्हाय. मी सही करनार न्हाय, दादा. मला माजं..."

चित्र तिथंच गोठलं. तोंड उघडं, हात अर्धा वर.

सोमनाथ पुढं वाकून बसला होता. "म्होरचं?"

"नाही. एवढंच निघालं."

"आसं कसं? माजं काय? म्हनली काय ती म्होरं? काढा की! एवढी सॉफ्टवेअरं हायती तुमच्याकडं."

"पुढचं या डिस्कवर नाही रे," माझा आवाज चढला. "पुढचं तुझ्या घरी निळ्या भिंतीपाशी बसलंय. जाऊन विचार."

तो त्या गोठलेल्या चित्राकडं बघत होता. मला वाटलं आता चिडेल, बहिणीला शिव्या देईल. तो म्हणाला, "ही कुनासाठी शूटिंग करत हुती?"

"कुणासाठी नाही. सराव करत होती. तुझ्याशी बोलायचा."

"माज्याशी बोलायला सराव?" त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि तो चेहरा मी विसरणार नाही. "मॅडम, माज्याशी बोलायला तिला सराव करावा लागतोय?"

मला त्याचा राग आला होता, तो कुठं गेला कळलं नाही. नुसतं वाईट वाटलं. त्याच्यासाठीही आणि तिच्यासाठी जास्त. तिनं ते फक्त स्वतःसाठी बोलून पुसून टाकलं होतं, आणि मी ते उकरून नेमकं ज्याला दाखवायचं नव्हतं त्याच्या पुढ्यात मांडलं होतं.

राहिलेलं लग्न आम्ही काढलं. बहुतेक सगळं मिळालं. गेले ते फक्त पाहुण्यांच्या सत्काराचे तुकडे, आणि पुढं कळलं, की ते गेल्याचं त्या घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. डिस्क आतून साफ करून, नवी व्यवस्था घालून लॅपटॉप द्यायला अजून वेळ लागणार होता. सोमनाथ उठला तेव्हा मी विचारलं, "आणि हे वैशालीचं? पुसू का कायमचं?"

"ते तिचं हाय," तो म्हणाला. "तिला इचारा." आणि उन्हात निघून गेला.

लॅपटॉप न्यायला वैशाली एकटीच आली. दिवाळी तोंडावर होती, दुकानात गर्दी होती, आणि एक जण सरांची वाट बघत बसला होता. ती आत आली तशी मी हातातला ब्रश खाली ठेवला.

"मॅडम, तुमी तर म्हनाला हुता, काय राहत न्हाय."

"खिडकीत नाहीच राहिलं," मी उगाचच मोठ्या आवाजात म्हटलं, कारण बाजू माझी लंगडी होती. "तू रेकॉर्डिंग केलंस. ते डिस्कवर जातं. नुसतं पुसून ते जात नाही, हे सांगायला पाहिजे होतं मी. पण तू विचारलं होतंस खिडकीचं!" मग आवाज खाली आला. "वाईट झालं, वैशाली. तो शेजारी बसला होता."

"म्हाईत हाय." ती खुर्चीवर बसली. "घरी आला, हातपाय धुतलं, माझ्या म्होरं येऊन बसला. म्हनला, वैशे, बोल. मधी बंद करू नको."

"मग?"

"मग काय. बोलले." ती हसली. "लई भांडन झालं. आईनं दोगांना बी शिव्या घातल्या. वहिनी माहेरला निघाली हुती, ती बी थांबली. मामांना फोन गेला, की सह्या-बिह्या काय न्हाईत, नुसतं फराळाला या."

"आणि नाव?"

"लावू म्हनतोय. तोंड पाडून म्हनतोय, पर म्हनतोय. कदी लावतोय ते देव जानं."

मी तिला सांगितलं, की ते तुकडे माझ्याकडं वेगळे ठेवलेत. कायमचं पुसायचं सॉफ्टवेअर वेगळं असतं. ते त्या जागेवर इतकं काहीबाही लिहून टाकतं, की मग ब्रह्मदेवालाही परत काढता येत नाही. "चालवू?"

ती जरा विचारात पडली. "चालवा. बोलून झालंय आता." आणि मग म्हणाली, "मॅडम, अजून एक. दादानं सांगितलंय, हिचं लॅपटॉपवर येगळं खातं काढून द्या म्हनून."

एवढी वर्षं मी लोकांना हेच ओरडून सांगत आलेय. एका मशीनवर दोन माणसं असली तर दोघांची खाती वेगळी करा, आपापल्या फायली, आपापला पासवर्ड. अर्ध्या मिनिटाचं काम असतं. आजपर्यंत स्वतः होऊन कुणी ते मागितलं नव्हतं. मी खातं काढलं, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पडद्यावर दोन नावं आली. सोमनाथ, आणि त्याच्याखाली वैशाली.

ती त्या नावाकडं बघत राहिली. "सातबाऱ्यावर लागंल तवा लागंल," ती म्हणाली.

"पासवर्ड टाक," मी म्हटलं. "आणि एक-दोन-तीन टाकलास तर लॅपटॉप परत देणार नाही."

मी सवयीनं तोंड फिरवून कॅलेंडरकडं बघत उभी राहिले. मागं बटणं वाजत होती. बराच वेळ वाजत होती.